अल्ट्रासाउंड अ‍ॅरेमधला क्रॉसटॉक: उणे २८ डीबीचा अर्थ काय लावायचा

प्रश्न क्रॉसटॉकचा, म्हणजे एका एलिमेंटचा सिग्नल नको असताना शेजारच्या एलिमेंटवर उमटण्याचा आहे. तो थोडक्यात असा. ५ मेगाहर्ट्झचा, ६४ एलिमेंट्सचा (एका ओळीतल्या पिझो सिरॅमिकच्या पट्ट्यांचा) लिनिअर प्रोब बनवला आहे. पिच (लगतच्या एलिमेंट्सच्या मध्यांतलं अंतर) ०.३ मिमी, एलिमेंटची रुंदी ०.२६ मिमी, लांबी ६ मिमी, प्रत्येक एलिमेंट मधोमध सब-डाइस केलेलं, म्हणजे आणखी एकदा चिरलेलं. कर्फमध्ये, म्हणजे एलिमेंट्समधल्या चिरांमध्ये, इपॉक्सी भरलेला. मॅचिंग लेयर (सिरॅमिकमधला ध्वनी समोरच्या माध्यमात नीट उतरवणारे थर) दोन: आतला सिरॅमिकबरोबर कापलेला, बाहेरचा सलग. त्यावर सिलिकोन रबराची लेन्स. एक एलिमेंट फायर करून बाकीच्यांना ५० ओहमचं टर्मिनेशन दिलं, तर लगतच्या एलिमेंटवर उणे २८ डीबी दिसतात. एकट्या एलिमेंटचा कोनीय प्रतिसाद पाण्यात हायड्रोफोनने (पाण्यातल्या मायक्रोफोनने) मोजला, तर तो २४ अंशांवरच उणे ६ डीबीला येतो आणि ३८ अंशांजवळ एक स्पष्ट खड्डा दिसतो. उणे २८ चालतील का, आणि कर्फमधला इपॉक्सी काढून मऊ पॉलियुरेथेन भरावं का, असं विचारलं आहे.

फिलर बदलायची घाई करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा संशय बाहेरच्या सलग मॅचिंग लेयरवर आहे. आणि उणे २८ हा जो आकडा तुम्ही मध्यभागी ठेवला आहे, तो या सगळ्यात सर्वात कमी बोलका आहे. क्रॉसटॉक पुढच्या एलिमेंट्सवर किती हळू ओसरतो आणि प्रत्येकावर किती वेळाने पोहोचतो, या दोन गोष्टी निदान करून देतात. पहिल्या शेजाऱ्याचा एकटा आकडा ते करू शकत नाही.

आधी हिशेब करून बघू. उणे २८ डीबी म्हणजे आयामाच्या सुमारे ४ टक्के. डावा आणि उजवा शेजारी दोघेही ४-४ टक्क्यांनी हलले आणि सर्वात वाईट कलेत (फेजमध्ये) हलले, तरी एकूण प्रतिसादात ८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम पाऊण डीबीचा फरक पडेल. आता शेजारी अजिबात हलत नसताना काय मिळायला हवं ते पाहा. ०.२६ मिमी रुंदीच्या पट्टीचा सिंक फलन (साइन x भागिले x), आणि त्याला १९८० मध्ये सेल्फ्रिज, किनो व खुरी-याकुब यांनी अरुंद पट्टीसाठी दाखवलेला कोसाइनचा गुणक लावला, तर पाण्यात ५ मेगाहर्ट्झला, तरंगलांबी ०.३० मिमीच्या आसपास धरून, उणे ६ डीबीचा कोन ३६ अंश येतो. तुमचा आला २४. उलट गणित केलं तर हे एलिमेंट ०.२६ ऐवजी सुमारे ०.४२ मिमी रुंद असल्यासारखं वागतं आहे. इतका फरक ४ टक्क्यांचे दोन शेजारी घडवू शकत नाहीत. म्हणजे तुमच्या मोजमापातून काहीतरी निसटतं आहे, आणि ते दोन ठिकाणी निसटतं.

पहिलं ठिकाण टर्मिनेशनचं. या मापाच्या एलिमेंटची कपॅसिटन्स साधारण ६० पिकोफॅरड धरू. ५ मेगाहर्ट्झला त्याची रिअ‍ॅक्टन्स सुमारे ५३० ओहम होते. त्यापुढे ५० ओहम म्हणजे जवळजवळ शॉर्टच. शेजारचं एलिमेंट चांगलं जोरात हललं तरी त्याचा प्रवाह ५० ओहममधून गेल्यावर व्होल्टेज थोडंच दिसणार. आणि तुम्ही त्याची तुलना करता ती फायर करणाऱ्या एलिमेंटच्या ड्राइव्ह व्होल्टेजशी. विजेतून हालचाल आणि हालचालीतून पुन्हा वीज, या दोन्ही रूपांतरांचा तोटा त्या उणे २८ मध्ये बेमालूम मिसळलेला आहे. ध्वनी बाहेर टाकतो तो पृष्ठभाग, आणि पृष्ठभागाच्या हालचालीचं गुणोत्तर व्होल्टेजच्या गुणोत्तरापेक्षा बरंच मोठं असू शकतं. म्हणून ध्वनिमार्गाच्या क्रॉसटॉकसाठी लेझर व्हायब्रोमीटर किंवा हायड्रोफोनचा कोनीय प्रतिसाद हाच खरा साक्षीदार. तुमच्याकडे तो प्रतिसाद आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा.

दुसरं ठिकाण ओसरण्याचं. समजा पहिल्या शेजाऱ्यावर ४ टक्के, दुसऱ्यावर २, तिसऱ्यावर १ असं झपाट्याने उतरत गेलं. एका बाजूची सगळी बेरीज ८ टक्क्यांच्या आत राहते. पण ४ टक्के जवळपास तसेच टिकून दहा एलिमेंट्सपर्यंत गेले तर? बहुतेक कोनांत ही दहा योगदानं एकमेकांना खोडतात आणि काही कळतही नाही. एका ठराविक कोनात मात्र ती सगळी एकाच कलेत येतात. तिथे ती ४० टक्के होतात, आणि मुख्य एलिमेंटच्या विरुद्ध कलेत असली तर उरतात ६० टक्के, म्हणजे सुमारे साडेचार डीबीचा खड्डा. पहिल्या शेजाऱ्याचा आकडा दोन्ही उदाहरणांत एकच आहे, प्रोब मात्र दोन वेगळे.

तो ठराविक कोन कुठला, हेही सांगता येतं. थरातून आडव्या धावणाऱ्या तरंगाचा कला-वेग माध्यमातल्या ध्वनीपेक्षा जास्त असेल, तर तो तरंग धावता धावता माध्यमात गळत राहतो. गळतीच्या कोनाची साइन म्हणजे माध्यमातला वेग भागिले थरातला वेग. शरीराच्या ऊतींसाठी १५४० मी/से धरले आणि कोन ३८ अंश, तर थरातला वेग येतो सुमारे २५०० मी/से. (पाण्यात खोलीच्या तापमानाला १४८० च्या जवळपास असतात, त्याने उत्तर २४०० कडे सरकेल.) भरण घातलेल्या इपॉक्सीच्या मॅचिंग लेयरमधल्या तरंगाचा वेग या पट्ट्यात येणं अगदी स्वाभाविक आहे. सगळे एलिमेंट्स एका सतरंजीवर बसवल्यासारखे आहेत. एकाने ती ओढली की खालच्या चिरा कितीही मऊ असल्या तरी बाकीच्यांना धक्का बसणारच. म्हणूनच म्हटलं, आधी फिलरला हात लावू नका.

हा तर्क तुमच्याकडच्या उपकरणांनीच तपासता येतो. अगदी कडेचं, पहिलं एलिमेंट दोन-तीन चक्रांच्या छोट्या पल्सने फायर करा आणि उरलेल्या ६३ एलिमेंट्सवरचे सिग्नल वेळेनुसार एकाखाली एक मांडा. मध्यातलं एलिमेंट फायर केलं तर तरंग दोन्ही बाजूंना जातात, टोकांवरून परततात आणि चित्र गढूळ होतं. कडेच्याने सगळं एकाच दिशेला जातं. या मांडणीत जे सिग्नल सर्व एलिमेंट्सवर शून्य वेळेलाच दिसतात ते विजेच्या वाटेचे. जे तिरक्या रेषेत सरकत जातात ते ध्वनीचे. २५०० मी/से आणि ०.३ मिमी पिच असेल तर दर एलिमेंटमागे ०.१२ मायक्रोसेकंदाचा उशीर दिसला पाहिजे. जे बरेच उशिरा, पण बहुतेक एलिमेंट्सवर साधारण एकाच वेळी उगवतात, ते बॅकिंगच्या (सिरॅमिकच्या मागच्या, ध्वनी शोषणाऱ्या थराच्या) तळाला आदळून परत आलेले.

इथे एक बारकावा आहे. सिग्नलच्या आवरणाचा उतार समूह-वेग देतो. खड्ड्याचा कोन ठरतो तो कला-वेगावरून, आणि पातळ थरांमधले तरंग विक्षेपी (वारंवारतेप्रमाणे वेग बदलणारे) असल्याने हे दोन वेग सारखे नसतात. त्यामुळे आवरणाचा नाही, शिखरांचा उतार मोजा. किंवा सरळ वेळ आणि अंतर या दोन्ही दिशांनी फूरिये रूपांतर करून वारंवारता आणि तरंगांक यांचा नकाशा काढा. त्यात प्रत्येक वाट आपापली वेगळी रेषा म्हणून दिसते. माझ्या मते अ‍ॅरेच्या क्रॉसटॉकवर याहून जास्त सांगणारं एकही चित्र नाही. फक्त पिचची मर्यादा लक्षात ठेवा: ०.३ मिमी अंतराने नमुने घेताना ५ मेगाहर्ट्झला ३००० मी/से पेक्षा मंद असलेला कुठलाही तरंग घडी पडून नकाशाच्या उलट्या बाजूला दिसतो. तुमचा २५०० चा तरंग नेमका त्यात सापडतो. त्याची रेषा कमी वारंवारतेपासून पकडून वर नेली की घडी उलगडते. व्हायब्रोमीटरने बारीक पावलांनी स्कॅन केला तर हा त्रासच नाही.

आता विजेची वाट. तुमच्या बाबतीत ती मुख्य दोषी नसावी, पण ती आधी बाजूला काढल्याशिवाय बाकीचं निदान पक्कं होत नाही. सुरुवात सर्व एलिमेंट्सची कपॅसिटन्स मोजून करा. एखाद्या जोडीची कपॅसिटन्स दुप्पट दिसली तर सोल्डरचा पूल झालेला आहे. एखाद्याची फारच कमी दिसली तर त्याचा सिग्नल किंवा ग्राउंड तुटलेला आहे. आणि ग्राउंड तुटून तरंगणाऱ्या एलिमेंटवर क्रॉसटॉक भयंकर दिसतो, ज्याचा ध्वनीशी काडीचा संबंध नसतो. ही दहा मिनिटांची तपासणी न करता लोक फिलरच्या सूत्रांत आठवडे घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नंतर फ्लेक्सचा (एलिमेंट्सपासून ट्रॅक बाहेर नेणाऱ्या लवचिक सर्किटचा) आराखडा काढून बघा. विषम एलिमेंट्सचे ट्रॅक एका बाजूने आणि सम एलिमेंट्सचे दुसऱ्या बाजूने काढलेले असतात, असं पुष्कळदा असतं. अशा प्रोबमध्ये विजेचा क्रॉसटॉक लगतच्या एलिमेंटपेक्षा एक सोडून पुढच्यावर जास्त येतो, कारण फ्लेक्सवर खरे शेजारी तेच. शून्य वेळेच्या सिग्नलमध्ये हा सम-विषम नमुना सापडला की वाट सापडलीच. अनुनादाच्या खूप खाली, समजा १ मेगाहर्ट्झला, ड्राइव्ह करून पाहणंही उपयोगी: तिथे ध्वनी जवळपास संपतो, ट्रॅकमधली कपॅसिटन्स मात्र आपलं काम करत राहते.

त्या कपॅसिटन्सचा परिणाम टर्मिनेशनप्रमाणे किती बदलतो हे नवख्यांना धक्का देतं. दोन ट्रॅकमध्ये फक्त २ पिकोफॅरड धरा. ५ मेगाहर्ट्झला ते सुमारे १६ किलोओहम. शेजारी ५० ओहमवर असेल तर उणे ५० डीबी. तोच शेजारी उच्च इनपुट इम्पिडन्सच्या रिसीव्हरला जोडलेला असेल, आणि एलिमेंटचे ६० व केबलचे १४० असे २०० पिकोफॅरड त्याला समांतर असतील, तर उणे ४०. केबल काढून प्रीअ‍ॅम्प्लिफायर थेट प्रोबच्या डोक्यात बसवला तर समांतर उरतात फक्त ६०, आणि क्रॉसटॉक उणे ३० वर येतो. एकच फ्लेक्स, तीन उत्तरं. म्हणून टर्मिनेशन आणि वारंवारता न लिहिलेला क्रॉसटॉकचा आकडा मी कुठल्याही डेटाशीटमध्ये मानत नाही. खुद्द पिझो एलिमेंटची यांत्रिक वागणूकही शॉर्ट आणि ओपन असताना वेगळी असते. शॉर्ट केलं की ते थोडं मऊ होतं, अनुनाद खाली सरकतो. ट्रान्समिटच्या वेळी शेजारी कमी इम्पिडन्सच्या पल्सरला बांधलेले असतात, रिसीव्हच्या वेळी रिसीव्हरला. दोन्ही अवस्थांत मोजायला हवं.

सामाईक ग्राउंड ही विजेचीच दुसरी वाट, आणि तुमच्या पद्धतीत ती दिसतच नाही. ग्राउंडच्या परतीच्या वाटेत १० नॅनोहेन्री इंडक्टन्स धरा. साधारण एक सेंटीमीटर तारेइतकं. ५ मेगाहर्ट्झला ते ०.३ ओहम. ५३० ओहमच्या एका एलिमेंटचा प्रवाह त्यातून गेला तर ग्राउंडवर उठणारं व्होल्टेज ड्राइव्हच्या उणे ६५ डीबी, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं. पण ६३ एलिमेंट्स एकदम फायर झाले आणि एक शांत ठेवलं, तर तेच ६३ पटीने वाढून उणे २९ डीबी होतं, आणि अंतराने ते ओसरतही नाही. एकेक एलिमेंट फायर करून काढलेला तक्ता निर्दोष असतो आणि चित्रात मात्र पृष्ठभागाजवळचा आंधळा पट्टा जाड होतो, यामागे बरेचदा हेच असतं. त्यामुळे ‘एक सोडून सगळे’ ही चाचणीही करा. इलाज सोपा आहे: ग्राउंड फॉइल दोन्ही कडांनी, रुंद, आणि कनेक्टरपर्यंत अनेक समांतर वाटांनी नेणं.

ध्वनीच्या वाटेकडे परत येऊ. पुढच्या बाजूची वाट आहे की मागची, हे ओळखायला प्रोबचा पुढचा भाग हवेत आणि मग पाण्यात ठेवून तीच नोंद घ्या. तिरकी रेषा लक्षणीय बदलली, तिचा आयाम किंवा शेपटी कमी-जास्त झाली, तर तरंग लेन्स आणि मॅचिंग लेयरमधून चालला आहे. काहीच बदल नसेल तर बॅकिंगकडे किंवा कर्फच्या तळाकडे बघा. सिरॅमिक कापताना ब्लेड बॅकिंगमध्ये पुरेसं खोल गेलं नसेल तर खाली एक सलग साय राहते आणि तीच पूल बनते.

बाहेरचा लेयर दोषी ठरला तर तोही कापायचा. आतल्या लेयरच्या रेषेतच, दोन्ही लेयर आणि सिरॅमिक मिळून एकाच पासमध्ये कापणं सर्वात नेटकं. मग चिरा लेन्सच्याच जातीच्या मऊ सिलिकोनने भरा. सिलिकोनमध्ये ध्वनीचा वेग १००० मी/से च्या आसपास असतो, ऊतींपेक्षा कमी, आणि त्यात शिअर (आडवी हालचाल करणारा तरंग) जवळपास टिकत नाही. त्यामुळे त्यातून आडवं काही धावलं तरी ते वर सांगितलेल्या पद्धतीने गळून कोनात खड्डा पाडत नाही. किंमत मोजावी लागते ती मजबुतीत. उंच, सडपातळ स्तंभ डायसिंगमध्ये तुटतात, आणि सलग लेयरने जी ओलाव्याची आडकाठी फुकट दिलेली असते ती आता लेन्स आणि तिच्या प्रायमरवर येऊन पडते.

फिलरबद्दल विचारलंच आहे म्हणून: मऊ पॉलियुरेथेन किंवा सिलिकोन ध्वनी चांगला तोडतं. पोकळ सूक्ष्मगोल मिसळलेला इपॉक्सी मधला मार्ग आहे. घनता आणि ताठरपणा दोन्ही उतरतात आणि तरीही तो घासता-कापता येतो. नुसती हवा सर्वात उत्तम, पण बाहेरचा लेयर चिकटवताना त्याचं रेझिन चिरांमध्ये उतरलं की ती हवा कागदावरच राहते. तुमच्या प्रोबमध्ये वरचा पूल तसाच ठेवून फिलर बदलला तर पहिल्या शेजाऱ्याचा आकडा दोन-चार डीबी सुधारेल, ३८ अंशांचा खड्डा तिथेच राहील, आणि सुधारलेला आकडा तुम्हाला खोटं समाधान देईल.

सॉफ्टवेअरने निस्तरता येईल का, हा पुढचा प्रश्न येणारच. तत्त्वतः येतं. क्रॉसटॉकचं मॅट्रिक्स मोजून त्याचा व्यस्त लावायचा, किंवा ट्रान्समिटला शेजाऱ्यांनाच विरुद्ध कलेतली छोटी पल्स द्यायची. विजेच्या क्रॉसटॉकवर हे बऱ्यापैकी चालतं, कारण तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. ध्वनीच्या क्रॉसटॉकवर मी याच्या भरवशावर प्रोब बाहेर जाऊ देणार नाही: तापमानाबरोबर पॉलिमरचे वेग बदलतात, समोर पाणी आहे की त्वचा याने गळती बदलते, आणि खड्ड्याच्या कोनात सिग्नलच कमी असल्याने व्यस्त लावताना गोंगाट फुगतो.

सिलिकॉनवर बनवलेल्या पातळ पडद्यांच्या अ‍ॅरेकडे, म्हणजे १९९४ च्या सुमारास स्टॅनफर्डमधून पुढे आलेल्या सीमटकडे, वळणार असाल तर हेच ज्ञान जसंच्या तसं नेऊ नका. तिथला त्रासदायक तरंग द्रव आणि पडद्यांच्या सीमेवरून धावतो आणि तो द्रवातल्या ध्वनीपेक्षा मंद असतो. मंद असल्याने तो दूर गळत नाही. अ‍ॅरेच्या टोकांवर आपटून आत फिरत राहतो आणि फायर केल्यानंतरची थरथर लांबवतो. तिथे कोनापेक्षा शेपटी बघायची असते.

आता हा तयार प्रोब वापरायचा की नाही. ते पूर्णपणे तुम्ही किती कोनापर्यंत ऐकणार यावर आहे. किरण तिरका न करता एफ-नंबर (खोली भागिले वापरात असलेल्या एलिमेंट्सची एकूण रुंदी) १.५ ने चित्र काढत असाल तर कडेच्या एलिमेंट्सचा कोन साधारण १८ अंशच होतो. २४ अंशांपर्यंत तुमचा प्रोब ठीक आहे आणि ३८ चा खड्डा वाटेत येतच नाही. त्या कामाला तो बिनधास्त वापरा. पण कंपाउंडिंगसाठी (वेगवेगळ्या कोनांतली चित्रं एकत्र करण्यासाठी) किरण १५ अंश तिरका केला की १८ अधिक १५, म्हणजे ३३ अंशांपर्यंत ऐकावं लागतं. तिथे तुमचा सिग्नल आधीच कोसळलेला आहे. ग्रेटिंग लोब (पिचमुळे भलत्याच दिशेला उठणारे किरण) आणि उरलेला पसारा मात्र तसाच राहतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट जातो. त्या कामासाठी हा प्रोब नको.

नवी बॅच करण्याआधी एक नमुना स्टॅक बनवा. अर्ध्या एलिमेंट्सवर बाहेरचा लेयर कापा, अर्ध्यांवर सलग ठेवा. सिरॅमिक, फिलर, बॅकिंग, लेन्स सगळं एकच. दोन्ही अर्ध्या भागांच्या मधल्या एलिमेंट्सचा कोनीय प्रतिसाद काढा आणि दोन्ही टोकांकडून वर सांगितलेला वेळ-अंतराचा नकाशा घ्या. कापलेल्या बाजूचा उणे ६ डीबीचा कोन ३० च्या पुढे गेला आणि २५०० मी/से ची रेषा पुसट झाली तर डायसिंगचा खर्च सार्थ आहे. तसं झालं नाही, तर नकाशावर जी रेषा ठळक उरली असेल तिचा वेग कळवा. बॅकिंगची वाट आणि लेन्सची वाट यांतली कुठली, ते त्या वेगावरून सांगता येईल.